खिडकीबाहेरचा हात

मिरजोळ्याच्या एमआयडीसीत बर्फाच्या कारखान्याच्या कुंपणाला लागून पत्र्याची एक शेड आहे. दारावर बोर्ड आहे, पण खाऱ्या वाऱ्याने आणि उन्हाने त्यावरचं नाव पुसून गेलंय. 'कार एसी' एवढंच काय ते वाचता येतं. तरी पत्ता कोणाला सांगावा लागत नाही. रत्नागिरीत गाडीचा एसी बंद पडला, की लोक आधी कुठेतरी जाऊन गॅस भरून घेतात, आठवड्याने पुन्हा घामाघूम होतात, पुन्हा गॅस भरतात, आणि मग म्हणतात, 'चला, गंगारामकडे जाऊ.' हे आधीच का सुचत नाही, देव जाणे. दोनदा फसल्याशिवाय आपल्या माणसांचा खऱ्यावर विश्वास बसत नाही.

गंगाराम घवाळी मूळचा हातखंब्याच्या आतल्या एका वाडीतला. काटकुळा, उन्हाने रापलेला, छातीवरच्या खिशात कायम टेस्टर आणि इन्शुलेशन टेपचं भेंडोळं. आता साठीला टेकलाय. वाडीतली मुलं मुंबईला गेली, तसा तोही गेला होता. कुर्ल्याच्या एका गॅरेजात गाड्या धुता धुता वायरिंग शिकला. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने त्याला एकच गोष्ट शिकवली, ती म्हणजे आधी ऐकायचं आणि मग खोलायचं. गंगारामचं सगळं कसब त्या एका गोष्टीवर उभं राहिलं.

ते कसब काही फार गूढ नाही. गाडीतलं एसीचं बटण दाबलं, की बॉनेटखालच्या काळ्या डब्यातला रिले बारीक 'टिक' करतो. त्याच्या मागोमाग खाली, कॉम्प्रेसरचा क्लच 'टक' करून चिकटतो. टिक आणि टक दोन्ही आले, तर वायरिंग ठाकठीक. टिक आला आणि टक आला नाही, तर करंट वाटेत अडकलाय. दोन्ही नाहीत, तर फॉल्ट आणखी मागे आहे. जुन्या गाड्यांत क्लच वाकून दिसायचा तरी. हल्लीच्या गाड्यांत तो इंजिनाच्या पोटात असा दडवून ठेवलेला असतो, की बघायला गाडी उचलावी लागते. म्हणून कान लागतो. दोन्ही हातांनी वायरी हलवत राहायचं आणि कुठल्या वायरीला हात लागल्यावर टक तुटतो, ते ऐकायचं. गंगाराम तर म्हणे रिलेच्या नुसत्या आवाजावरून सांगायचा, हा अजून पावसाळा काढील का नाही. लोक जरा वाढवूनच सांगतात, पण त्यात निम्मं तरी खरं होतं.

आणि नेमका तो कानच गेला.

एका दिवसात नाही गेला. आयुष्यभर गॅरेजातला ठणठणाट ऐकलेला, त्यात शेजारी बर्फाच्या कारखान्याची घरघर, दिवसरात्र. आधी बारीकसारीक आवाज गेले. पाखरं गेली, बायकोच्या, तुळसाच्या बांगड्या गेल्या. मग एक दिवस रिलेचा टिक गेला. गंगारामला कळलं होतं. पण कळणं वेगळं आणि बोलणं वेगळं. बहिऱ्या एसीवाल्याकडे गाडी कोण आणील, हा एकच विचार त्याच्या डोक्यात बसला. शेड भाड्याची, वाडीतलं घर भावाकडे, पदरात दुसरा धंदा नाही. नाव गेलं तर काय उरणार? झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून तो गप्प बसला. कोणी काही बोललं, की मान हलवायची आणि 'व्हय, व्हय' म्हणायचं. बहुतेक बोलण्याला 'व्हय' चालून जातं. माणसं ऐकणाऱ्याकडे बघतातच कुठे, आपलंच बोलण्यात रमलेली असतात.

तुळसाला ते एका गाडीवरून कळलं. तो रिले बदलायला निघाला होता, बटण पुन्हा पुन्हा दाबून बघत होता आणि गाडीवाल्याला सांगत होता, रिले मेलाय. ती शेडच्या मागच्या दाराशी, त्यांच्या राहत्या खोलीपाशी, मोदकं निवडत बसलेली. मोदकं म्हणजे खाण्याचे मोदक नव्हेत, लहान मासळी. तिने मान वर केली, गाडीवाल्याकडे बघितलं. गाडीवाला चहाला गेल्यावर हात धुऊन आली आणि नवऱ्याच्या अगदी कानाशी येऊन म्हणाली, "आवो, तो वाजतोय की. कवाधरना वाजतोय."

गंगारामने तिच्याकडे बघितलं आणि खाली बघितलं. नवराबायकोत त्या विषयावर एवढंच बोलणं झालं.

दुसऱ्या दिवसापासून तुळसा गाडीत बसायला लागली. तो बॉनेटखाली, ती ड्रायव्हरच्या सीटवर. तो ओरडायचा, "लाव!" ती बटण दाबायची आणि खिडकीतून हात बाहेर काढायची. पंजा उघडा, तर आवाज आला. मूठ बंद, तर नाही आला. वायर हलवताना आवाज तुटला, की उघडा पंजा पटकन मिटायचा, आणि गंगाराम तिथल्या तिथे ती वायर धरून ठेवायचा. दोघांची अशी जमली, की पूर्वी त्याला एकट्याला लागायचा त्याहून कमी वेळ लागायला लागला. तुळसा शाळेत फार गेलेली नव्हती, पण कान तिखट होता. थोड्याच दिवसांत ती बॉनेटकडे येऊन सांगायला लागली, "ह्याचा टक पोकळ वाटतोय हां." आणि खरंच तिथे काहीतरी निघायचं.

लोकांना काय, गंमत वाटायची. कोणी म्हणायचं, काकी फुकटचा एसी खायला बसते. एक ट्रॅव्हल्सवाला जाता येता विचारायचा, "काकी, हात काढून बसलांव, यष्टीची वाट बघतांव काय?" तुळसा म्हणायची, "व्हय रे मेल्या, थांबवतोस काय?" नवऱ्याचं गुपित तिने असं हसण्यावारी सांभाळलं. तिच्यासारखी खमकी बाई होती म्हणून ते टिकलं.

काम झाल्यावर त्यांचा आणखी एक रिवाज होता. गंगारामला संशय आला, की तो एसीचा रिले उपटायचा आणि त्याच्या जागी हॉर्नचा रिले लावून बघायचा. दोन्ही एकाच मापाचे असतात, सगळेच वायरमन असं करतात. उपटलेला रिले छातीच्या खिशात जायचा आणि पुष्कळदा तिथेच राहायचा. मग गाडीवाला साळवी स्टॉपला पोचेपर्यंत फोन, "काका, एसी झाला पण हॉर्न गेला!" म्हणून तुळसाने नियमच केला. बॉनेट पडलं, की गाडीतून उतरण्याआधी तिने एकदा हॉर्न दाबायचा. वाजला, तर काम पुरं झालं. नाही वाजला, तर ती खिडकीतून डोकं काढून छातीवर बोट आपटून दाखवायची. खिशात बघा. गंगाराम चाचपायचा, आणि असायचाच तिथे. हॉर्न मात्र त्याला ऐकू यायचा. तेवढा मोठा आवाज अजून त्याच्यापर्यंत पोचत होता.

कानाचं मशीन नव्हतं असं समजू नका. होतं. मुलगी वेदिका चिपळूणला दिलेली, तिने बापाला एका शिबिरात ओढत नेलं आणि मशीन करून घेतलं. गंगारामने ते एक दिवस घातलं. बर्फाचा कारखाना थेट डोक्यात शिरला, पत्र्यावर पडलेलं पान दगडासारखं वाजलं. त्यात एक कॉलेजातलं पोर गाडी घेऊन आलं होतं, ते दात काढून म्हणालं, "काका, कानात ब्लूटूथ काय?" झालं. संध्याकाळी मशीन निघालं आणि जळलेल्या रिलेंच्या ड्रॉवरमध्ये जाऊन पडलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो असा. वेदिकाने फोनवरून आईजवळ कटकट केली. तुळसाने नवऱ्याकडे बघितलं आणि मोठ्याने, त्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "ऱ्हाऊंदे तां म्हशीन. मी हाय ना."

त्या 'मी हाय ना'वर गंगाराम निर्धास्त झाला. इतका, की ती कशी आहे हे बघायचं त्याने सोडून दिलं. मे महिन्यात कातळावर उभी केलेली गाडी म्हणजे काय, हे त्यात बसल्याशिवाय कळायचं नाही. एसी बंद पडलेली गाडी, खाली तापलेला जांभा, वरून ऊन, आणि त्यात ही बाई 'लाव', 'बंद कर' ऐकत बसलेली. उतरायची तेव्हा लुगडं पाठीला चिकटलेलं असायचं. पिंपातलं पाणी तोंडावर मारायची, पदर डोक्यावर घेऊन जरा भिंतीला टेकायची. गेल्या पावसाळ्यानंतर ती जास्त वेळ टेकायला लागली होती. गंगारामला दिसत नव्हतं असं नाही. डोळे चांगले होते त्याचे. पण पुढची गाडी उभी असायची.

ज्या दिवसाची गोष्ट सांगायची, त्या दिवशी सकाळी चुलीकडे तोंड करून तुळसा काहीतरी बोलली. गंगाराम तिच्या पाठीमागे बसून भाकरी खात होता. त्याला एवढंच कळलं, की ती बोलतेय. तो म्हणाला, "व्हय, बगू." तिने वळून त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा तव्याकडे वळली. ती काय बोलली होती, ते आता कोणालाच सांगता येणार नाही. काजूबिया वाळत घालायचं असेल. वेदिकाकडे आंबे पाठवायचं असेल. नाहीतर दुसरं काही असेल.

दहाच्या सुमारास गुरुप्रसाद मयेकर आला. मिऱ्याचा, जहाजावर असतो. वर्षातले बरेच महिने दर्यावर, आणि गाडी समुद्राच्या वाऱ्यात आंब्याखाली उभी. सुट्टीवर आला की तिचं काही ना काही निघतंच. या वेळी एसी निघाला होता. चालतो, मध्येच गरम हवा टाकतो, खड्डा आला की पुन्हा चालतो. दोन ठिकाणी गॅस भरून झाला होता, हे सांगायलाच नको. त्याला आईला घेऊन कोल्हापूरला बहिणीकडे जायचं होतं, आणि म्हातारीला आंबा घाटातला उकाडा सोसत नव्हता.

"बसा, बगतो," गंगाराम म्हणाला. पण गुरुप्रसादला कंपनीचा फोन आला आणि बर्फाच्या कारखान्याच्या घरघरीत बोलणं होईना, म्हणून तो रस्त्यापलीकडच्या टपरीवर गेला. शेडमध्ये ही दोघंच उरली.

तुळसा सीटवर बसली. गंगारामने बॉनेट उघडलं. चावी ऑन, इंजिन बंद. "लाव!" पंजा उघडला. "बंद कर. लाव!" या वेळी मूठ. पुन्हा उघडा, पुन्हा मूठ. म्हणजे टक येत होता आणि जात होता. त्याने पहिल्यांदा रिलेवर संशय घेतला. एसीचा उपटून खिशात टाकला, हॉर्नचा काढून त्याच्या जागी बसवला. तरी तेच. मग रिले चांगलाय. खिशातला खिशातच राहिला, कारण तोवर त्याचं डोकं पुढे गेलं होतं. खाली वाकून त्याने क्लचच्या वायरीला टेस्ट लॅम्प लावला. दिवा पेटला. करंट येत होता. येत होता, पण त्याला परत जायला वाट नव्हती. म्हणजे अर्थिंग.

गंगारामला अशा फॉल्टचा नाद होता. सगळ्या लोकांनी गॅसच्या नावाने बोंब मारावी आणि चोर असावा एका काळ्या वायरीच्या टोकाला. त्याने ती वायर बोटांनी चाचपत खाली नेली, चेसिसला जिथे बोल्टने आवळलेली असते तिथपर्यंत. बोल्ट सोडला. वायरीचं टोक हिरवंगार झालं होतं, कल्हई गेलेल्या भांड्यात आमटी कळकते तसं. समुद्राच्या वाऱ्याने खाल्लेलं. खड्ड्यात गाडी हलली की टोक जरा टेकायचं आणि एसी चालायचा. गंगाराम एकटाच हसला. पॉलिश पेपरने टोक घासून तांबं लख्ख केलं, चेसिसचा पत्राही घासला, नवीन वॉशर घातला आणि बोल्ट आवळला. या सगळ्यात बराच वेळ गेला. तुळसा आत बसून होती. इतक्या वेळात एकदा उतर म्हणून सांगावं, हे त्याला सुचलं नाही. ते लिहितानाही राग येतो.

"चालू कर गाडी!" तो ओरडला. इंजिनाची थरथर त्याच्या हातांना लागली. "लाव एसी!"

खिडकीतून हात आला. उघडा पंजा.

त्याने दोन्ही हातांनी वायर हलवली. वर, खाली, आडवी. मान तिरकी करून खिडकीकडे बघत होता. पंजा मिटला नाही. आणखी जोराने हलवली. नाही मिटला. नेहमी हा हात वर असायचा, बोटं आभाळाकडे. आज तो दाराच्या पत्र्यावर खाली पडून होता, बोटं सैल. गंगारामच्या ते लक्षात आलं. 'दमली असंल,' असं त्याच्या मनात आलंसुद्धा. "झालं गो! दोन मिंटं!" तो म्हणाला, आणि पुन्हा खाली वाकला.

नुसता फॉल्ट काढून हात झटकायचा हे त्याच्या स्वभावात नव्हतं. त्याने बोल्टवर व्हॅसलीन माखलं, म्हणजे खारा वारा पुन्हा बसू नये. वायरीला टेप गुंडाळला, एकेक वेढा ताणून. क्लिप लावली. काम झालं तसं त्याला मनापासून बरं वाटलं. अधूनमधून तो खिडकीकडे बघत होता. हात तिथेच होता, उघडा. म्हणजे एसी लागून होता. म्हणजे सगळं छान चाललं होतं.

मग त्याने बॉनेट पाडलं आणि काचेतून त्याला तुळसा दिसली. मान खिडकीच्या बाजूला कललेली, तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले. एसीच्या वाऱ्याने कपाळावरचे केस हलत होते. दार उघडलं तेव्हा आतली हवा थंडगार लागली.

गुरुप्रसादने धावत येऊन गाडी हाकली. तुळसाला मागच्या सीटवर घेऊन गंगाराम बसला होता, तिचा हात चोळत होता, आणि एसी चालूच होता, कारण तो बंद करायचं कोणाला सुचलं नाही. हॉस्पिटलात डॉक्टर बाहेर आले आणि गंगारामला काहीतरी म्हणाले. गंगारामने मान हलवली. "व्हय, व्हय," तो म्हणाला. डॉक्टर चमकले. त्यांनी पुन्हा सांगितलं. तो पुन्हा "व्हय" म्हणाला आणि पुढे काय करायचं ते सांगतील म्हणून तोंडाकडे बघत उभा राहिला. शेवटी गुरुप्रसादने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि नुसती मान आडवी हलवली. तेव्हा त्याला कळलं.

दिवस झाले. माणसं आली, बसली, बोलली आणि गेली. गंगाराम सगळ्यांना मान हलवून 'व्हय' म्हणत राहिला. हळूहळू सगळ्या एमआयडीसीला कळलं, की ह्याला ऐकूच येत नाही आणि काकी एसी खायला बसत नव्हती. त्या ट्रॅव्हल्सवाल्याने तर रस्त्यातच डोळ्यांना रुमाल लावला. वेदिका चिपळूणहून आली ती राहिली. आईचे कपडे तिने बांधले, बापाचा त्या दिवसाचा शर्ट धुवायला काढला, आणि ड्रॉवरमधलं मशीन शोधून त्यात नवीन बॅटरी घालून बापाच्या कानात बसवलं. या वेळी त्याने ते काढलं नाही. लहान पोर कान टोचून घेतं तसा बसून राहिला.

"डॉक्टर म्हणाले, हार्टचं होतं," तिने त्याला सांगितलं. "कधीचं दुखत असणार. लगेच आणली असती तर वाचली असती की नसती, काय सांगता येत नाय म्हणाले."

"वरडली असंल काय गो ती?" गंगाराम म्हणाला.

वेदिकाने त्याच्या कानातलं मशीन उगीचच नीट केलं.

पंधरवडा उलटल्यावर गुरुप्रसाद आला. पुन्हा जहाजावर जायचं होतं, जाण्याआधी भेटावं म्हणून. ज्या जागी गाडी लावली होती त्याच जागी लावली, बिचाऱ्याच्या ध्यानातही आलं नसेल. दोघं बाकड्यावर बसले. म्हातारीला कोल्हापूरला नीट पोचवलं, घाटात एसी जराही बंद पडला नाही, हे त्याने दोनदा सांगितलं. सांगताना त्यालाच लाज वाटत होती. मग उठता उठता, काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, "काका, घाई नाय हां. पण सवडीने एकदा हॉर्न बघाल? त्या दिवसापासून वाजत नाय. घाटात फार कठीण गेलं."

गंगारामचा हात छातीच्या खिशावर गेला. खिसा रिकामा होता. शर्ट दुसरा होता.

तो उठला. "वेदिका," त्याने हाक मारली, "माज्या त्या शर्टात काय व्हतं?"

"कुठल्या?" ती मागच्या दारात आली. मग तिला आठवलं. "तो काळा चौकोनी डबा? तो मी धुवायच्या आधी काढून ड्रॉवरात टाकला. जळका असेल म्हणून."

गंगाराम ड्रॉवरपाशी गेला. जळलेल्या रिलेंमध्ये तो एकच चांगला होता, त्याला हाताने कळला. तो त्याने शर्टाला पुसला. मग गाडीकडे आला आणि बॉनेट उघडलं. काळ्या डब्यात हॉर्नची जागा मोकळी होती. रिले बसवण्याआधी तो थांबला आणि कानातलं मशीन काढून त्याने बाकड्यावर ठेवलं.

"आत बस," तो वेदिकाला म्हणाला. "आये बसायची तशी. हॉर्न दाब."

वेदिका बसली. तिने दाबला. काही वाजलं नाही. तिने पुन्हा दाबला, दोन्ही हातांनी दाबून धरला, आणि काचेतून बापाकडे बघितलं. गंगाराम तिच्या दाबलेल्या हातांकडे बघत होता.

मग त्याने रिले जागेवर बसवला. अंगठ्याने घट्ट दाबला.

"आता दाब."

हॉर्न मोठ्याने वाजला. कुंपणावरचे कावळे उडाले, बर्फाच्या कारखान्यातला माणूस बाहेर डोकावला. बॉनेटवर हात ठेवून उभ्या असलेल्या गंगारामला तो मशीनशिवाय, घरघरीतून, अगदी साफ ऐकू आला.

"बाबा, आलं ऐकू?" वेदिकाने खिडकीतून विचारलं. ते त्याला ऐकू आलं नाही. पण काय विचारलं असेल ते कळलं, आणि त्याने मान हलवली नाही, 'व्हय'ही म्हटलं नाही.

"परत दाब," तो म्हणाला.

तिने दाबला.

"परत."

गुरुप्रसादला काही कळेना. वेदिकाला हळूहळू कळलं, त्या दिवशी आईनेही तो दाबला असेल, आणि तिने हात काढून घेतला. गंगाराम बॉनेटवर कपाळ टेकून उभा होता आणि म्हणत होता, "परत दाब गो. परत दाब."